आबांची जीभ आणि आमचं गटार

आबांना कुणाच्याही घरी न्या, ते आधी मागच्या दारी जायचे. पुढे यजमान ‘या, बसा’ करतायत, आतून पाण्याचा तांब्या येतोय, आणि पाहुणा गायब! शोधायला जावं तर हे घरामागे उकिडवे बसलेले, मोरीचं पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं ते बघत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हासुद्धा हेच. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, सगळे सावरून बसले, आणि आबा मागच्या अंगणातून पंच्याला हात पुसत आले. मुलीकडे त्यांनी धड पाहिलंही नाही.

“पोरगी करा,” म्हणाले. “मागं गटारात एक शीत नाय. घर नेटका हाय.”

लग्न झालं. ती सून आजही सांगते, मला माझ्या गटाराने पसंत केलं, आणि सांगताना हसून हसून बेजार होते.

आबा म्हणजे आमचे पेणचे घरमालक. आमच्या ह्यांची नोकरी रोह्याच्या कंपनीत, शिफ्टची. मुलांची शाळा पेणला, म्हणून आम्ही आबांच्या चार खोल्यांच्या ओळीत दोन नंबरच्या खोलीत राहायचो. अकरा वर्षं राहिलो. चार बिऱ्हाडांत मिळून एक मोरी आणि मागे एक संडास. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, पुढच्याच्या खोकण्यावरून अंदाज बांधायचा. पावसात एका हातात छत्री, एका हातात डबा. अकरा वर्षं मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. बंगला नको, गाडी नको. आतून कडी लावता येईल असं स्वतःचं न्हाणीघर आणि स्वतःचा संडास दे, एवढंच. हसायचं त्याने हसावं. जिने रांगेत उभं राहून दिवस काढलेत तिला विचारा.

त्यात आबांचा जाच. रोज सकाळी सात वाजता स्वारी मोरीच्या जाळीपाशी हजर. जाळीत अडकलेलं एक शीत चिमटीत धरून उजेडात बघायचे आणि ओरडायचे, “कोनाचा भात हाय ह्यो?” मग स्वतःच निकाल द्यायचे, “जाड हाय. रत्ना. दोन नंबर!”

एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, “आबा, एक शीत गेलं तर काय आभाळ कोसळलं?”

“आज एक शीत,” ते शांतपणे म्हणाले. “उद्या त्याच्यावर तेल बसल. तेलावर केस बसल. केसावर तुजा दुसरा शीत. मग तू येशील माज्याकडं बोंबलत, आबा मोरी तुंबली.”

खरं सांगते, अकरा वर्षांत ती मोरी एकदाही तुंबली नाही. पण हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

आबांचा सगळा जन्म मिठागरात गेला. खाडीचं भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सावकाश न्यायचं, उन्हात आटवायचं, हे काम. जमिनीला उतार नावालाच, बघणाऱ्याला दिसायचासुद्धा नाही. आबांना तो तळव्यांना कळायचा. म्हणून ते जन्मभर अनवाणी. आणि पाण्याचा खार कळायचा जिभेला. कुठेही पाणी दिलं की आधी एक घोट जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, मग गिळायचे. “ह्यो नलाचा नाय, बोरिंगचा हाय,” असं सांगून यजमानाला ओशाळं करायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी आचाऱ्याला बोलावून सांगितलं की तुझी दोन पिंपं दोन वेगळ्या विहिरींची आहेत. आचारी घाबरला. खरंच होती.

आणि एकच वाक्य सतत तोंडात. “पानी चालला पायजे. धावला नाय पायजे, बसला नाय पायजे.” बाळाची अंघोळ असो की सत्यनारायणाची पूजा, हे वाक्य यायचंच.

शेवटी देवाने माझं ऐकलं. पेणजवळच गडबला, हमरस्त्यापासून जरा आत, भातशेतीला लागून आम्ही जागा घेतली. शेजारी एक घर, त्या घरात एक भाभी. नवरा मस्कतला, त्यामुळे घर, शेत, पोरंबाळं सगळं तिच्याच अंगावर. तिच्या आवारात विहीर. आजूबाजूची पाच घरं त्याच विहिरीचं पाणी प्यायची, नळ तिकडे आलेलाच नव्हता. आम्हीही तिथलंच पाणी भरणार होतो.

भाभीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. “पानी घ्या, माजी ना नाय. पन तुमचा घान पानी माज्या विहिरीत आला ना, त्या दिवसापासून तुमचा दोर बंद. घरालापन कुलूप लावायला लावीन, पंचायतीत जाईन.”

मी म्हटलं, “भाभी, असं होईलच कसं?” आणि मनातून तिच्यावर चिडले. बाई फटकळ वाटली मला. मी स्वतः काय कमी फटकळ आहे!

घर एका कंत्राटदाराला दिलं होतं. माणूस कामाला चांगला, पण ‘मी चाळीस बंगले बांधलेत’ हे दर तासाला सांगणारा. जमिनीचा उतार भाभीच्या कुंपणाकडे, म्हणून त्याने संडासाची टाकी त्याच अंगाला बांधली आणि टाकीतलं पाणी मुरायला शोषखड्डाही तिथेच घेतला. चेंबरं बांधून, प्लास्टर करून झाली तेव्हा मी एका रविवारी आबांना मोठ्या ऐटीत घर दाखवायला नेलं. एसटीतून उतरल्यापासून मी बोलतेय, आबा, खिडक्या बघा, आबा, ओटा बघा. आबा थेट घरामागे.

तिथे ते इकडून तिकडे चालले. मग शोषखड्ड्यापासून कुंपणापर्यंत आणि कुंपणापलीकडे विहिरीपर्यंत पावलं मोजली. बावीस भरली. खड्डा खणणाऱ्या गड्याला विचारलं, “खाली काय लागला?” तो म्हणाला, वर माती, मग मुरूम, तळाला फुटका कातळ.

“खड्डा हितं नको होता,” आबा म्हणाले.

कंत्राटदार हसला. “आबा, पाणी जमिनीत मुरताना गाळलं जातं. शास्त्र आहे ते.”

“मातीत गालला जाईल. फुटक्या कातलात कोन गालनार, तू?”

वादाला तोंड फुटलं. आमचे हे बिचारे नाइट शिफ्ट करून आलेले, तारवटलेल्या डोळ्यांनी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. तेवढ्यात आबा म्हणाले, “भांडतो कशाला? मीठ टाकून बघू.” संडास अजून कुणी वापरला नव्हता, खड्डा कोरा होता. त्यात मीठ घालून पाणी भरायचं. विहिरीला खार लागला तर कातळातून वाट आहे. नाही लागला तर कंत्राटदार खरा.

पण आधी ते भाभीच्या ओट्यावर गेले आणि काही न लपवता सांगितलं. “बाय, तुज्या विहिरीच्या वाटेवर मी मीठ टाकतो हाय. तुला चालल काय? आला तर विहीर सोच्छ होईपरेंत पाची घरांचा पानी मी भरीन.”

भाभी म्हणाली, “टाका. आज मीठ आला तर परवडला. उद्या दुसराच काय आला म्हंजे?”

तिच्याबद्दलचा माझा राग त्या वाक्याला उतरला. पाच घरांतली पोरं ज्या विहिरीवर वाढत होती तिची राखण ती करत होती, आणि मी तिला फटकळ म्हणत होते.

आबांनी तिला विहिरीच्या पाण्याच्या दोन कळश्या भरून झाकून ठेवायला सांगितल्या. मग दोन गोणी मीठ खड्ड्यात गेलं, वरून टँकरने पाणी. रोज आबा पेणहून एसटीने येत, भाभी पोहरा काढून देई, आबा घोट जिभेवर ठेवून डोळे मिटत. पहिला दिवस, काही नाही. दुसरा, तिसरा, चौथा, काही नाही. कंत्राटदार शीळ घालायला लागला. मलाही वाटायला लागलं, म्हाताऱ्याने उगाच घोळ घातला.

पाचव्या दिवशी आबांनी डोळे मिटले ते उघडेनात. घोट थुंकून टाकला आणि भाभीकडे पाहिलं.

“मना सकालच्या चायतच लागला,” भाभी म्हणाली. “तुमी काय बोलतांव ते बघत होते.”

मी घाईघाईने पाणी प्यायले. मला कसलीच चव लागली नाही! ह्यांना नाही, गवंड्याला नाही. कंत्राटदाराने तर गटागटा दोन पेले रिचवले. “कुठाय खार? दाखवा ना! विहिरीचं पाणी आहे, चांगलं गोड आहे.”

“परीक्षा घे,” आबा म्हणाले.

“घेतोच!”

भाभीच्या ओट्यावर पाच पेले मांडले. कंत्राटदाराने दोघांना पाठ करून उभं केलं. चार पेल्यांत झाकून ठेवलेलं जुनं पाणी ओतलं, एकात आजचं. आधी आबांना बोलावलं. त्यांनी एकेक घोट घेतला आणि तिसऱ्या पेल्यावर बोट ठेवलं. पेले होते तसेच ठेवून मग भाभीला बोलावलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, एकेक पेला चाखला. तिसरा!

“योगायोग आहे,” कंत्राटदार म्हणाला. पुन्हा मांडले. ह्या वेळी दोन पेल्यांत आजचं पाणी. आबांनी पहिल्या आणि पाचव्यावर बोट ठेवलं. भाभी म्हणाली, पहिला आणि पाचवा. एव्हाना पाची घरची माणसं कुंपणाशी जमली होती.

तिसऱ्यांदा कंत्राटदाराने पुष्कळ वेळ घेतला. आबांनी पाची पेले चाखले, पुन्हा पहिल्यापासून चाखले, आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, “ह्यात एकपन नाय. म्हाताऱ्याची मस्करी करतंस व्हय?”

पाची पेल्यांत जुनंच पाणी होतं. कुंपणावर जो हशा पिकला! कंत्राटदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. पण हार मानेल तर तो चाळीस बंगलेवाला कसला? माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, पक्कं झालेलं काम फोडणार? ह्यांच्या जिभेवर?”

घर लांबणार होतं. माझी कडी, माझं न्हाणीघर, सगळं पुन्हा लांबणार होतं. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “फोडा. ह्यांच्या जिभेवरच फोडा.”

जिंकले होते आबा, पण चेहरा उतरलेला. बांधावर जाऊन एकटेच बसले. मी चहा घेऊन गेले तर डोळ्यांत पाणी. त्यांच्या लहानपणी गावचा खाडीचा बांध फुटला होता. भरतीचं पाणी गावात शिरलं आणि विहीर खारी झाली, ती कायमची. त्यांची आई दुसऱ्या गावाहून हंडे आणायची, शेवटपर्यंत.

“सगला जनम मीठ पिकवला गो,” ते म्हणाले. “पन विहिरीच्या वाटेवर पयल्यांदाच टाकला.”

चहा बांधावर ठेवून मी त्यांच्या शेजारी बसले.

शब्दाला माणूस पक्का. खड्ड्यातलं खारट पाणी उपसून, तळाचं मीठ खरवडून काढलं. विहिरीचाही उपसा चालू केला, आणि तोवर पेणहून टेम्पोत पिंपं भरून आणून पाची घरांना स्वतः पाणी घातलं. भाभी ‘पुरे, आबा, आता गोडा झाला’ म्हणाली तरी आणखी दोन दिवस आणलं.

आता टाकी आणि खड्डा दोन्ही नव्याने घ्यायचे ते घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपासून लांब, जिथे खाली जाड माती होती. म्हणजे पाइप घराला वळसा घालून न्यायचा, आणि त्या बाजूला जमीन जवळजवळ सपाट. कंत्राटदार म्हणाला, “ढाळच मिळत नाही. सुरुवातीला चांगला तिरका टाकू, पुढे बघू.”

“तिरका टाकशील तर पानी धावल,” आबा म्हणाले. “पानी पुढं पलून जाईल आनि त्याच्यासंगं जायचा ते मागं र्‍हाईल. मग ते तू काढशील?”

दुसऱ्या दिवशी ते गळ्यात प्लास्टिकची पारदर्शक नळी घालून आले. आत नीळ घातलेलं पाणी. नळीचं एक टोक कंत्राटदाराच्या हातात, एक स्वतःच्या. दोन्हीकडे निळं पाणी सारख्या उंचीला येतं, त्यावरून खुणा करायच्या आणि तिथून खाली मोजायचं. पाच हातांना दोन बोटं. कमी नाही, जास्त नाही. एका ठिकाणी अर्धं बोट चुकलं तर आबांनी लावलेला पाइप उखडायला लावला.

घरात तीन पाणी असतात, हेही त्यांनी मला तेव्हाच शिकवलं. संडासाचं पाणी म्हणजे साहेब, त्याला स्वतंत्र रस्ता. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी म्हणजे चिकट पाहुणा, त्याला जाळीतून गाळून केळीकडे सोडायचं. पावसाचं पाणी म्हणजे वरात, तिला उघड्या गटारातून जाऊ द्यायचं, घरातल्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही. प्रत्येक वळणावर एक चेंबर, उघडून बघता येईल असं. चौथ्या दिवशी बघते तर चाळीस बंगलेवाला कंत्राटदार बूट काढून अनवाणी उभा! “आबा, इथे जरा दबलंय का हो?” विचारत होता. मी तोंडाला पदर लावून आत पळाले.

पाइप बुजवण्याच्या आधी आबांनी लिंबू मागितलं. माझ्या सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या, घर झालं नाही तोच लिंबू कसला टाकताय? आबा म्हणाले, “वैनी, तपासाचा लिंबू हाय, भुताचा नाय.”

सगळ्या चेंबरांची झाकणं काढली. भाभी, पाची घरची माणसं, गवंडी, सगळे गोळा. आबांनी संडासात लिंबू टाकलं, ह्यांनी वरून बादली ओतली, आणि आबा दोन्ही हात पाठीशी बांधून पाइपाच्या कडेने चालायला लागले. त्यांच्यामागे आम्ही सगळे. पहिलं चेंबर आलं, लिंबू डुलत आलं आणि गेलं. दुसरं चेंबर, आलं, गेलं. आबांच्या चालीने चाललं होतं अगदी. तिसरं चेंबर घराच्या कोपऱ्यावर, वळणाचं. आबा पोचले. लिंबू नाही.

सगळे वाकून बघतायत. पाणी आलं, लिंबू नाही. कंत्राटदार कपाळावरचा घाम पुसायला लागला. आबा जागचे हलले नाहीत.

“येईल,” म्हणाले. “वलनावर मानूसपन दम खातो. वता आनखी एक.”

ह्यांनी दुसरी बादली ओतली. आणि आलं! पिवळंधमक लिंबू कोपरा वळून असं ऐटीत आलं की भाभीने टाळी वाजवली, आणि सगळ्यांत मोठ्याने ‘आलं रे!’ म्हणून कोण ओरडलं असेल तर तो कंत्राटदार. शेवटच्या चेंबरातून लिंबू टाकीत पडलं तेव्हा आम्ही चाळीसएक माणसांनी एका गटाराचा जयजयकार केला. अशी मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही.

नव्या खड्ड्यातही दोन गोणी मीठ गेलं. आबा पंधरा दिवस येत राहिले. काही नाही. भर पावसात विहीर काठोकाठ भरली तेव्हाही आले. घोट जिभेवर ठेवला, डोळे मिटले, मान हलवली. भाभीनेही मान हलवली. मग मी पंचांग उघडलं.

वास्तूच्या दिवशी दारात तोरण, आत होमाचा धूर. भाभी आली ती डोक्यावर हंडा घेऊन. घरात विहिरीचं पहिलं पाणी तिला स्वतः आणायचं होतं. तिने हंडा ओट्यावर ठेवला आणि माझा हात धरून म्हणाली, “भर आता रोज. माज्या घरचीच तू.” मला रडू आवरेना.

तेवढ्यात आबा आले. मी सवयीने मागचं दार उघडायला धावले. मागे वळून बघते तर ते पुढच्या दाराने, उंबरा ओलांडून, सरळ आत येऊन सतरंजीवर बसले होते.

“आबा, मागे नाही जायचं?”

“मागं काय हाय बघन्यासारका?” ते म्हणाले. “पानी दे.”

मी भाभीच्या हंड्यातला पेला भरून दिला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या. आबांनी पेला उचलला आणि घटाघटा, एका दमात, सगळं पाणी पिऊन टाकलं. जिभेवर ठेवलंच नाही.